किल्ल्या, पाकीट, बॅग हरवते? ब्लूटूथ टॅग घेण्याआधी आणि घेतल्यावर काय करायचं

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, ह्या टॅगमध्ये जीपीएस नसतो. सिम नसतं, इंटरनेटही नसतं. घड्याळात असतो तसल्या चपट्या सेलवर वर्षभर चालणारी ही चकती एकच काम करते, थोड्या थोड्या वेळाने ब्लूटूथवर एक बारीकसा सिग्नल सोडत राहते. आजूबाजूने जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला तो सिग्नल मिळतो, तो फोन आपलं स्वतःचं लोकेशन त्याला जोडून पुढे पाठवतो आणि मग तुमच्या ॲपमध्ये नकाशावर ठिपका उमटतो. ज्याच्या फोनने हे काम केलं त्याला काही कळत नाही, आणि मधली माहिती एन्क्रिप्टेड असते त्यामुळे टॅग कुणाचा हेही त्याला दिसत नाही. थोडक्यात टॅगला आपण कुठे आहोत ते ठाऊकच नसतं, ते सांगतात येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन.

हे एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. दादर स्टेशनवर हा टॅग भारी का चालतो आणि घाटातल्या एखाद्या वाडीत पोचल्यावर चिडीचूप का बसतो, विमानात लोकेशन का हलत नाही, चोर सापडायला का फारसा उपयोग नाही, सगळं त्या एकाच गोष्टीत आहे. म्हणून घेताना दोनच प्रश्न स्वतःला विचारायचे, माझ्याकडे फोन कुठला आणि माझी वस्तू हरवते ती कुठे. घरातल्या घरात हरवत असेल तर कुठलाही बरा टॅग चालेल. गर्दीच्या गावात हरवत असेल तरी चालेल. रानात हरवत असेल तर पैसे वाचवा.

स्टेप १ : आधी फोन बघा, मग टॅग

लोक हे उलटं करतात, ऑफर दिसली की टॅग मागवतात आणि मग घरी आल्यावर तो आपल्या फोनला जोडलाच जात नाही म्हणून रिटर्न. सध्या मुख्य तीन नेटवर्क आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

आयफोन असेल तर ॲपलचं फाइंड माय नेटवर्क. ह्यात ॲपलचा स्वतःचा एअरटॅग येतो, जो २०२१ मध्ये बाजारात आला, आणि दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त टॅगही येतात, उदाहरणार्थ जिओटॅग एअर. डब्यावर "वर्क्स विथ ॲपल फाइंड माय" असं लिहिलेलं असतं, ते बघायचं.

अँड्रॉइड असेल तर गुगलचं नेटवर्क. ते २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडापासून सुरू झालं, तेव्हा नाव होतं फाइंड माय डिव्हाइस, २०२५ मध्ये ते बदलून फाइंड हब केलं. त्यामुळे जुन्या डब्यांवर जुनं नाव दिसलं तरी घाबरू नका, गोष्ट एकच आहे. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचं व्हर्जन लागतं. जिओटॅग गो, मोटो टॅग, चिपोलो, पेबलबी वगैरे ह्यात येतात, पण चिपोलो आणि पेबलबी ॲपलसाठीही टॅग काढतात, त्यामुळे डबा नीट वाचूनच घ्या.

तिसरं सॅमसंगचं. स्मार्टटॅग हा फक्त सॅमसंग गॅलक्सी फोनला जोडता येतो, दुसऱ्या कंपनीच्या अँड्रॉइडला नाही. तुम्ही पुढच्या वर्षी फोन बदलणार असाल आणि सॅमसंगच घेणार ह्याची खात्री नसेल तर इथे अडकू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

किंमतीचं म्हणाल तर जिओटॅग एअर आणि जिओटॅग गो लाँच झाले तेव्हा दोन्ही १,४९९ रुपयांना होते, एअरटॅग सुरुवातीला ३,१९० रुपयांना होता, चारचा पॅक घेतला की एकेक स्वस्त पडतो, सेलमध्ये अजून उतरतो. त्याहून खूप स्वस्त, दोनतीनशे रुपयांत मिळणारे बिननावाचे टॅगही आहेत. त्यातले काही खरोखर फाइंड मायला जोडले जातात, पण बरेचसे फक्त स्वतःच्याच कुठल्यातरी ॲपवर चालतात. अशा टॅगला दुसऱ्यांच्या फोनची मदत मिळत नाही, कारण ते ॲप बाकी कुणाकडे नसतंच. घरातल्या घरात वाजवायला ठीक, बाहेर हरवला की संपलं. डिस्क्रिप्शनमध्ये "ग्लोबल ट्रॅकिंग, नो डिस्टन्स लिमिट" असं मोठ्या अक्षरात असेल आणि नेटवर्कचं नाव कुठेच नसेल तर पुढे जा.

घरात नवऱ्याकडे अँड्रॉइड आणि बायकोकडे आयफोन असेल (हे फार कॉमन आहे) तर ज्याच्या हातून वस्तू जास्त हरवते त्याच्या फोनप्रमाणे टॅग घ्या. एक टॅग एका वेळी एकाच नेटवर्कवर चालतो.

आकाराचंही बघा. गोल टॅग पाकिटात टाकला की पाकीट फुगतं, एअरटॅग आठ मिलिमीटर जाड आहे, मागच्या खिशात ठेवून बसलात तर टोचतो. पाकिटासाठी कार्डाच्या आकाराचे टॅग वेगळे मिळतात, त्यातले काही चार्ज करता येतात आणि काहींची बॅटरी संपली की टॅगच टाकून द्यायचा असतो, हे घेण्याआधी वाचून घ्या. आणि एअरटॅगला किल्लीच्या रिंगसाठी भोकच नाही, त्याचा होल्डर वेगळा घ्यावा लागतो. एवढ्या महागड्या वस्तूला एक भोक पाडायला काय झालं होतं देव जाणे. जिओ, मोटो, चिपोलो वगैरेंचं काय आहे ते फोटो बघूनच ठरवा.

स्टेप २ : जोडणी

पाच मिनिटांचं काम आहे पण त्याआधी फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू करा, इंटरनेट चालू हवं.

आयफोनवर टॅगमधून बाहेर आलेली प्लॅस्टिकची पट्टी ओढायची, तो टुंग करून वाजतो, मग फोनजवळ धरायचा आणि स्क्रीनवर खालून एक कार्ड वर येतं. कनेक्ट दाबा, नाव द्या, झालं. दुसऱ्या कंपनीचा टॅग असेल तर फाइंड माय ॲप उघडून आयटम्समध्ये प्लसचं चिन्ह दाबून "ॲड अदर आयटम" करायचं. आधी सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून फाइंड माय चालू आहे ना ते बघून घ्या, आणि ॲपल अकाउंटला टू-फॅक्टर (म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) लावलेलं असणं गरजेचं आहे, नाहीतर तिथेच गाडी अडते.

अँड्रॉइडवर पट्टी ओढून किंवा बटण दाबून टॅग फोनजवळ धरला की फास्ट पेअरचा पॉपअप येतो. नाही आला तर टॅगचं पत्रक बघा, बटण किती वेळ दाबून ठेवायचं ते प्रत्येकाचं वेगळं. फोनला पिन किंवा पॅटर्न लॉक असायला हवं.

आता अँड्रॉइडवाल्यांनी इथे थांबून एक सेटिंग बघायचंच. फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या सर्चमध्ये "ऑफलाइन" टाइप करा, "फाइंड युअर ऑफलाइन डिव्हायसेस" असं काहीतरी येईल. आत गेल्यावर चार पर्याय असतात, बंद, नेटवर्कशिवाय, फक्त गर्दीच्या जागी नेटवर्कसह, आणि सगळीकडे नेटवर्कसह. सुरुवातीला तिसरा लावलेला असतो. त्याचा अर्थ असा की तुमचा टॅग एकट्याच फोनला दिसला तर ते पुरेसं धरलं जात नाही, अनेक फोनना दिसला तरच लोकेशन कळतं. प्रायव्हसीसाठी ते चांगलं आहे, पण तुमची छत्री एखाद्या शांत गल्लीतल्या डेंटिस्टकडे राहिली असेल तर दिवसभरात तिथे येऊन जाऊन चारच माणसं, मग ठिपका कुठून दिसणार? चौथा पर्याय लावला की एकेकट्या फोनची माहितीही वापरली जाते. दुसऱ्या बाजूने तुमचाही फोन इतरांच्या वस्तू शोधायला तशीच मदत करतो. मी तर चौथाच लावा म्हणेन, सगळे तिसऱ्यावरच बसून राहिले तर गर्दी सोडून कुठेच काही सापडणार नाही.

नाव देताना "टॅग १", "टॅग २" असं देऊ नका. "स्कूटीची किल्ली", "आईची पर्स", "निळी ट्रॉली बॅग" असं द्या, कारण घाईच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

आणि जोडल्या जोडल्या एकदा वाजवून बघा, घरातल्या सगळ्यांना तो आवाज ऐकवून ठेवा. नाहीतर कधीतरी कपाटातून चिवचिव ऐकू आली की घरचे मोबाइलपासून स्मोक अलार्मपर्यंत सगळं तपासतात.

स्टेप ३ : घरात शोधणं

खरं सांगायचं तर नव्वद टक्के लोकांचा नव्वद टक्के उपयोग एवढाच असतो (हा आकडा माझ्या मनाचा, कुठल्या सर्व्हेचा नाही). सकाळी निघताना किल्ली सापडत नाही, ॲप उघडायचं, प्ले साउंड दाबायचं, सोफ्याच्या फटीतून आवाज येतो, चला.

पण इथेही मर्यादा आहेत. डब्यावर शंभर मीटर वगैरे लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. आपल्या आरसीसी घरात दोन भिंती मध्ये आल्या की पंधरावीस मीटर मिळाले तरी खूप. आणि लोखंड हा ह्याचा दुश्मन. किल्ली लोखंडी कपाटात राहिली आणि दार बंद असेल तर फोनला ती दिसेनाशी होऊ शकते, स्टीलच्या डब्यात पडली असेल तरी तेच. अशा वेळी ॲप "कनेक्ट होत नाही" म्हणतं आणि आपण समजतो बाहेर कुठेतरी पडली. तसं समजण्याआधी फोन हातात धरून सावकाश खोलीखोलीतून फिरा, कपाटांची दारं उघडत चला, कनेक्ट झालं की लगेच वाजवा. गाद्या-रजयांच्या ढिगात आवाज खूपच दबतो, टीव्ही-पंखा बंद करून ऐका.

आयफोन ११ आणि त्यापुढच्या बऱ्याच मॉडेलमध्ये अल्ट्रा वाइडबँड नावाची चिप आहे, ती असेल तर एअरटॅगकडे जायला स्क्रीनवर बाण येतो आणि किती अंतर ते आकड्यात दिसतं. एसई मॉडेलमध्ये ही सोय नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त टॅगमध्येही साधारणपणे नसते, ते फक्त वाजतात. अँड्रॉइडमध्ये ती चिप महागड्या फोनमध्येच असते, त्यामुळे टॅगमध्ये असली तरी फोनमध्ये नसेल तर शून्य फायदा, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

उलटं, म्हणजे टॅगवरचं बटण दाबून हरवलेला फोन वाजवणं, हे सॅमसंगच्या स्मार्टटॅगवर जमतं, एअरटॅगला बटणच नाही. फोन हरवणारी माणसं घरात असतील तर हे बघून घ्या.

अजून एक सोय आयफोनवर आहे, "नोटिफाय व्हेन लेफ्ट बिहाइंड". वस्तू मागे ठेवून तुम्ही निघालात की फोन सांगतो. घर ही जागा त्यातून वगळा नाहीतर बॅग घरी ठेवून भाजी आणायला गेलात तरी रोज नोटिफिकेशन येईल आणि मग तुम्ही वैतागून सगळंच बंद कराल. पण ही सूचना तत्क्षणी येत नाही हे धरून चाला. हॉटेलातून निघून तुम्ही गाडीत बसून सिग्नलपर्यंत पोचलेले असता आणि मग फोन वाजतो, तरीही मागे वळण्याइतपत जवळ असता हे काय कमी आहे.

स्टेप ४ : प्रवासात

विमानाच्या चेक-इन बॅगेत टॅग ठेवणं हा माझ्या मते पैसे वसूल करणारा सगळ्यात चांगला उपयोग. कारण विमानतळ म्हणजे फोनच फोन, सामान चढवणाऱ्यांकडे फोन, बाजूला उभ्या प्रवाशांकडे फोन. पुण्याहून दिल्लीमार्गे कुठे चालला असाल आणि दिल्लीला विमानात बसल्यावर ॲपमध्ये बॅग अजून पुण्यातच दिसत असेल, तर पुढच्या विमानतळावर पट्ट्यासमोर तासभर उभं राहण्याऐवजी सरळ काउंटरला जाऊन तक्रार लिहून देता येते. पण "शेवटचं कधी दिसली" ती वेळ वाचा. दोन तासांपूर्वी पुण्यात दिसली ह्याचा अर्थ दोन तासांपूर्वी पुण्यात होती, एवढाच, आत्ता ती तुमच्याच विमानाच्या पोटातही असेल. हवेत असताना नवीन लोकेशन येत नाही, उतरल्यावर थोडा वेळ द्या.

बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी पीआयआर नावाचा रिपोर्ट करून त्याचा नंबर घ्यायचा, टॅग असला तरी ह्याला पर्याय नाही. आयफोनवर आयओएस १८.२ पासून "शेअर आयटम लोकेशन" आलंय, त्यातून एक लिंक बनते, ती एअरलाइनला देता येते, सात दिवसांनी किंवा बॅग परत तुमच्याजवळ आली की ती आपोआप बंद होते. एअर इंडियासकट अनेक एअरलाइन्स ती घेतात. बाकी ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला स्क्रीन दाखवा, कधी तो मनावर घेतो, कधी "आमच्या सिस्टिममध्ये तसं दिसत नाही" म्हणतो.

टॅग विमानात चालतो का, हा प्रश्न दर वेळी येतो. चालतो. २०२२ मध्ये लुफ्तान्साने आधी मनाई असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं, त्या बातमीची स्क्रीनशॉट अजून फॅमिली ग्रुपवर फिरत असते. एवढ्याशा सेलमधलं लिथियम नगण्य असतं.

टॅग बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात किंवा हँडलला लटकवून ठेवू नका, आत अस्तराच्या मागे, कपड्यांच्या मध्ये ठेवा. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला तर सिग्नल अडतो. ॲल्युमिनियमच्या बॅगेतही तेच.

रेल्वेचं गणित जरा वेगळं आहे. बर्थखालच्या बॅगेतला टॅग तुमच्या स्वतःच्याच फोनला दिसत असतो म्हणून ठिपका तुमच्याबरोबर हलतो, त्यात टॅगची कमाल काही नाही. बॅग राहून गाडी पुढे गेली तर मात्र बाकीच्या प्रवाशांच्या फोनवर सगळं अवलंबून. लोकेशन उड्या मारत येतं, गाडी कर्जत सोडून गेलेली असते आणि ठिपका अजून कल्याणला. कोकण रेल्वेवर तर बोगद्यांमागून बोगदे, रेंज येते आणि जाते, त्यामुळे रत्नागिरीच्या आधी दिसलेली बॅग थेट कुडाळला उगवते. तेव्हा ठिपक्याच्या मागे टॅक्सी पळवण्याऐवजी १३९ ला फोन करा, गाडी नंबर, डबा, बर्थ सांगा, पुढच्या स्टेशनवर आरपीएफ बघू शकतं. टॅगचा उपयोग एवढा की बॅग अजून गाडीतच आहे की कुठल्या स्टेशनवर उतरली ते कळतं. लोकलच्या रॅकवर राहिलेल्या बॅगेला हेच लागू, फक्त तिथे फोनांची कमी नाही.

एसटीच्या डिकीत ठेवलेलं सामान, कुरिअरने पाठवलेला आंब्याच्या पेटीतला टॅग (हो, असेही लोक आहेत) ह्या सगळ्याला एकच नियम, रस्त्यावर माणसं असतील तिथे दिसेल.

गर्दी असली की बरं असं मी म्हणतोय खरं, पण त्यालाही एक मेख आहे. वारीत किंवा मोठ्या जत्रेत फोन लाखो असतात आणि मोबाइल नेटवर्क बसलेलं असतं. ज्या फोनला तुमचा टॅग दिसला त्याला ते पुढे पाठवायला इंटरनेट लागतं, ते नसेल तर लोकेशन उशिरा येतं. पंढरपुरात आषाढीला आजोबांच्या पिशवीत टॅग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पिशवीत कागदावर घरचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, तो नेटवर्कशिवाय चालतो.

स्टेप ५ : खरंच हरवलं तर

आधी लॉस्ट मोड लावा, अँड्रॉइडवर "मार्क ॲज लॉस्ट". तिथे आपला दुसरा नंबर द्या, म्हणजे फोनसकट सगळंच गेलं असेल तरी घरच्यांना फोन येईल. एअरटॅग कुणी उचलून कुठल्याही एनएफसी (नुसतं टेकवून माहिती वाचायची सोय) असलेल्या फोनच्या मागे टेकवला, मग तो अँड्रॉइड का असेना, तर तुमचा मेसेज आणि नंबर दिसणारं पान उघडतं. मेसेज मराठीत आणि हिंदीत दोन्ही लिहा. अडचण अशी की आपल्याकडे रस्त्यात सापडलेल्या किल्लीवरची पांढरी चकती फोनला टेकवून बघायची असते हे कुणाला माहीतच नसतं. त्यामुळे होल्डरवर मार्करने नंबर लिहिणं हा जुना उपाय अजूनही पहिला.

ठिपका दिसला की तिथे जा, जवळ पोचल्यावर आवाज द्या. ठिपका इमारतीच्या मध्यावर दिसला तरी वस्तू शेजारच्या टपरीत असू शकते, पंचवीसतीस मीटर इकडे तिकडे धरा, आणि कितव्या मजल्यावर ते कळत नाही. रिक्षात राहिलेली बॅग असेल तर रात्री उशिरा बघा, रिक्षा जिथे उभी राहते तिथे ठिपका स्थिर होतो.

पण वस्तू हरवलेली नसून चोरलेली आहे असं वाटत असेल तर एकट्याने त्या दारात जाऊन उभे राहू नका. स्क्रीनशॉट घ्या, वेळेसकट, आणि पोलीस स्टेशनला जा. नुसती हरवली असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूंची नोंद घरबसल्या करता येते, त्याचा कागद कार्ड किंवा कागदपत्रं परत काढताना लागतो. ठिपका दाखवला की पोलीस लगेच उठून निघतील अशी अपेक्षा ठेवू नका, बिल आणि बॅगेत काय होतं त्याची यादी सोबत न्या.

चोरीसाठी हा टॅग का नाही

कारण तो चोरालाच सांगतो की मी इथे आहे! हे मुद्दाम केलेलं आहे. एअरटॅग आल्यावर लोकांनी तो दुसऱ्यांच्या पर्समध्ये, गाडीत लपवून पाळत ठेवायला सुरुवात केली, म्हणून अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतोय अशी सूचना फोनवर यायला लागली. मे २०२४ पासून तर ॲपल आणि गुगल दोघांनी मिळून एकच पद्धत लागू केली, त्यामुळे टॅग ह्या कंपनीचा आणि फोन त्या कंपनीचा असला तरी सूचना येते. शिवाय मालकापासून लांब राहिलेला एअरटॅग ८ ते २४ तासांनंतर हलवला की स्वतःहून वाजतो. बाइक चोरणाऱ्याला ही सूचना आली की तो सीट उघडून टॅग फेकून देणार.

तरी बाइकवर टॅग ठेवायचा तर ठेवा, मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते सापडायला तरी होईल. चोरीचीच भीती असेल तर सिमवाला जीपीएस ट्रॅकर बसवा, त्याला वर्षाचं रिचार्ज लागतं आणि गाडीच्या बॅटरीवर चालतो, महाग पडतो पण तो त्याच कामासाठी आहे.

ह्याच सूचनेमुळे घरातही एक गंमत होते. गाडीच्या किल्लीला टॅग नवऱ्याच्या नावावर, गाडी घेऊन जाते बायको, आणि तिच्या फोनवर "तुमच्यासोबत अनोळखी एअरटॅग फिरतोय" असा मेसेज, मग संध्याकाळी चौकशी समिती. उपाय सोपा, टॅग शेअर करा. आयओएस १७ पासून एअरटॅग आणखी पाच जणांबरोबर शेअर करता येतो, फाइंड हबमध्येही शेअरिंग आहे. घरात सगळ्यांच्या हातात जाणाऱ्या किल्लीला हे पहिल्याच दिवशी करून टाका.

मुलं, म्हातारी माणसं, कुत्री-मांजरं

ॲपल स्वतःच सांगतं की हे वस्तूंसाठी आहे, माणसं आणि प्राण्यांसाठी नाही. तरी लोक शाळेच्या दप्तरात ठेवतात. दप्तर शाळेत पोचलं एवढं कळेल, मूल दप्तराबरोबर आहे की नाही ते नाही. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आजींसाठी विचार करत असाल तर सिमवालं घड्याळ घ्या ज्यातून फोन करता येतो. शहरात कुत्र्याच्या पट्ट्याला टॅग लावणं ठीक आहे, चघळणार नाही असा घट्ट होल्डर घ्या. गावाकडे म्हैस शोधायला वगैरे विसरा.

अनोळखी टॅगची सूचना तुम्हाला आली तर

घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. आधी आठवा, कुणाची किल्ली, कुणाची बॅग बरोबर घेतलीये का. नसेल तर सूचनेतूनच आवाज वाजवता येतो, गाडीची सीट, पर्सचं अस्तर, नंबर प्लेटमागे बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सीखाली "अननोन ट्रॅकर अलर्ट्स" मध्ये हाताने स्कॅनही करता येतं, भाड्याच्या खोलीत किंवा सेकंडहँड गाडी घेतल्यावर एकदा करून बघा. टॅग सापडला तर फोनला टेकवा, त्याचा सिरियल नंबर दिसतो, मालकाच्या नंबरचे शेवटचे काही आकडेही दिसू शकतात, सगळ्याचा फोटो काढा आणि मगच सेल काढा. जाणूनबुजून कुणी ठेवलाय असं वाटलं तर घरी न जाता वर्दळीच्या जागी थांबा, ११२ ला फोन करा. बाईचा पाठलाग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि तो सिरियल नंबर पोलिसांना मालकापर्यंत पोचायला कामाला येतो.

आणि हे ज्यांना "बायको कुठे जाते ते बघायला" टॅग घ्यायचाय त्यांच्यासाठीही आहे. तिच्या फोनवर सूचना जाईल. जायलाच हवी.

सेल, पाऊस आणि विकताना

बहुतेक टॅगमध्ये सीआर२०३२ नावाचा सेल असतो, घड्याळवाल्याकडे सहज मिळतो. वर्षभर चालतो असं कंपनी म्हणते, सारखा वाजवत राहिलात तर कमी. ॲपमध्ये बॅटरी कमी झाल्याची सूचना येते, पण ट्रॉली बॅगेतला टॅग वर्षातून दोनदाच आठवतो, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवशी एकदा वाजवून बघायची सवय लावा. एअरटॅगचं मागचं स्टीलचं झाकण दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने फिरवलं की उघडतं, सेलची प्लसची बाजू वर ठेवायची. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, तो असलेला सेल एअरटॅगमध्ये नीट चालत नाही कधीकधी, सेल नवा असून टॅग मेलेला वाटला तर हे कारण बघा.

पण तो लेप ज्या कारणासाठी असतो ते गंभीर आहे. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजायला लागते. उलटी काढत बसायचं नाही, वाट बघायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात. जुने सेल टेबलावर पडू देऊ नका, चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

एअरटॅग आणि स्मार्टटॅग २ आयपी६७ आहेत, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतात, मुंबईच्या पावसाला काही होत नाही, खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघाला तरी बहुधा चालतो. स्वस्त टॅगचं तसं नाही, पावसाळ्यात होल्डर बंद बघून घ्या.

सेकंडहँड टॅग घेताना तो आधीच्या मालकाच्या अकाउंटवरून काढलाय ना ते समोर उभं राहून बघा, नाहीतर तो तुमच्या फोनला जोडलाच जाणार नाही, आणि त्याने तो काढल्याशिवाय दुसरा काही उपाय नाही. रस्त्यात सापडलेला टॅगही असाच बिनकामाचा, त्यापेक्षा फोनला टेकवून मालकाला कळवा. तुम्ही कुणाला देत असाल तर ॲपमध्ये "रिमूव्ह आयटम" करा, आणि हे टॅग जवळ असतानाच करा, लांब असताना केलं तर समोरच्याला तो पुन्हा हाताने रीसेट करावा लागतो, एअरटॅगमध्ये त्यासाठी सेल पाच वेळा काढून घालायचा, प्रत्येक वेळी आवाज येतो, पाचव्या वेळचा आवाज वेगळा आला की झालं.